आभाराचे गुरुजी

उंद्रीत कोणताही कार्यक्रम असो, आभार मानायला सहदेव गुरुजी असत. प्राथमिक शाळेत ते चौथीला शिकवत, पण गावात त्यांना चौथीचे गुरुजी कोणी म्हणत नसे. ते आभाराचे गुरुजी.

महाराष्ट्र राज्य झालं, पाठोपाठ पंचायत समित्या आल्या, आणि कार्यक्रमांना ऊत आला. विहिरीचं भूमिपूजन होई, विहिरीला पाणी लागल्याचा समारंभ होई, आणि पाणी आटलं की त्याच विहिरीच्या खोलीकरणाचा शुभारंभ होई. प्रत्येक वेळी हार, नारळ, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचं भाषण, अध्यक्षांचं भाषण आणि सर्वांत शेवटी आभार. अध्यक्ष खाली बसले की लोक धोतराची धूळ झटकत उठायचे, बाया पोरं गोळा करायच्या, आणि लाऊडस्पीकरवाला वायर गुंडाळू लागायचा. त्या धुराळ्यात सहदेव गुरुजी उभे राहत. एकदा तर त्यांनी लाऊडस्पीकरवाल्याचे मनापासून आभार मानले, तेव्हा तो लाऊडस्पीकरसकट नाल्याच्या पलीकडे पोचला होता. दुसऱ्या एका वेळी सतरंजी देणाऱ्या कचरू पाटलाचे आभार मानताना त्यांना आधी एक पाय आणि मग दुसरा पाय उचलावा लागला, कारण पाटलाचा गडी तीच सतरंजी त्यांच्या पायाखालून ओढत होता.

गुरुजींची याबद्दल तक्रार नव्हती. आपल्याला याहून जास्त येत असेल असं त्यांना स्वतःलाच कधी वाटलं नव्हतं. वाचन मात्र दांडगं. चिखलीच्या वाचनालयातून पुस्तकं आणून ते रात्रंदिवस वाचत, आणि एवढं वाचून आपल्याला काहीच येत नाही अशी त्यांची पुस्तकागणिक खात्री होत जाई.

पण त्या उन्हाळ्यात शिक्षकांचं एक शिबिर झालं. पुण्याहून एक व्याख्याते आले होते. ते म्हणाले, "माणसानं स्वतःला पुढं ढकललं पाहिजे. काल जे काम केलं तेच आज करणारा माणूस मागं पडतो." उंद्रीत तोवर ढकलायची वस्तू म्हणजे एसटी, तीही उताराकडे. माणसानं स्वतःलाच मागून कसं ढकलायचं हे गुरुजींच्या नीट ध्यानात आलं नाही, पण वाक्य मनात रुतलं.

रुतायला आणखी एक कारण होतं. तालुक्याला शिक्षण विस्तार अधिकाऱ्याची जागा रिकामी झाली होती. गुरुजींची नोकरी सर्वांत जुनी, पण नाव चाललं होतं रंगरावाचं. रंगराव दुसरीला शिकवी. वयानं लहान, आवाजानं मोठा. गावातली सगळी प्रास्ताविकं त्याच्याकडे. भरलेल्या मांडवापुढं तो बोले आणि पुढाऱ्यांच्या नजरेत राही. गुरुजी बोलायला उठत तेव्हा पुढाऱ्यांची नजर जीपकडे लागलेली असे.

"त्या रंगरावच्या हाताखाली काम करता का आता?" विमलबाई, म्हणजे गुरुजींचं कुटुंब, भाकरी थापता थापता म्हणाली. "तो येईन तुमची शाळा तपासाले. तुमी त्याचेबी आभार मानसान."

"मंग काय करू वं?"

"मले काय इचारता? एवढाले पुस्तकं वाचता, त्यात नाही का लिहिलं?"

गुरुजी त्याच संध्याकाळी सभापती हिंमतरावांच्या ओसरीवर गेले. उंद्रीत गुरांच्या दवाखान्याची नवी इमारत उभी झाली होती. उद्घाटनाला जिल्ह्याचे मोठे पुढारी अर्जुनराव येणार होते. विस्तार अधिकारी कोण होणार हे अर्जुनरावांच्या बोटावर होतं. ते ज्याच्याकडे बोट करतील तो.

"भाऊ," गुरुजी म्हणाले, "या खेपेस प्रास्ताविक मी करीन म्हणतो."

हिंमतरावांनी पानाला चुना लावायचा थांबवला. "काऊन हो मास्तर? आभारात काई कमी पडलं?"

"कमी नाही. पण माणसानं जरा पुढं सरकावं."

"मंग खुर्ची पुढं घ्या ना!"

ओसरीवरची मंडळी हसली. गुरुजीही हसले, कारण सभापतींच्या विनोदाला न हसण्याइतकी त्यांची प्रगती अजून झाली नव्हती. पण ते उठले नाहीत. तिथंच बसून राहिले. हिंमतरावांना दोन बैल जवळ बांधून कोण कोणाला शिंग मारतो हे पाहायची हौस होती. ते म्हणाले, "घ्या करून. प्रास्ताविक तुमी, आभार रंगराव."

रंगरावाला हे कळलं तेव्हा त्याचा चेहरा बदलीचा हुकूम आल्यासारखा झाला.

गुरुजींनी प्रास्ताविकाची तयारी अशी केली की तेवढ्यात दवाखान्याची दुसरी इमारत झाली असती. वेदकाळापासून गोधनाचं महत्त्व, मग वऱ्हाडातली कापसाची वखर-पाळी, मग पशुवैद्यक, मग अर्जुनरावांचं कार्य. शेताच्या बांधावर उभं राहून ते रोज म्हणत. एका म्हशीनं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं, आणि तिनं रवंथ थांबवला नाही, यावरून ते ठीक असावं असा गुरुजींनी अंदाज बांधला.

उद्घाटनाच्या दिवशी अर्जुनराव यायला दुपार झाली. ऊन तापलेलं. जीपमधून उतरल्याबरोबर त्यांनी फीत कापली, एका गाईच्या पाठीवर हात ठेवला, आणि मांडवात येऊन बसले. पोरींनी स्वागतगीत म्हटलं. हार झाले. हिंमतरावांनी मान हलवली आणि सहदेव गुरुजी उभे राहिले.

माईकपुढं गेले, आणि त्यांना समोर माणसं दिसली.

इतकी वर्षं त्यांनी फक्त पाठी पाहिल्या होत्या. पाठमोरी धोतरं, पाठमोरी लुगडी, खांद्यावर झोपलेली पोरं. उंद्रीला इतकी तोंडं आहेत हे त्यांना माहीतच नव्हतं. ती सगळी तोंडं त्यांच्याकडे पाहत होती. वेद गेले, कापूस गेला, पशुवैद्यक गेलं. डोकं असं कोरं झालं की आपण कशासाठी उभे आहोत हेही आठवेना. आणि मग, मालक झोपला तरी बैल गाडी नेमकी घरी आणतात, तशी त्यांची जीभ ओळखीच्या वाटेला लागली.

"आजच्या या कार्यक्रमासाठी आपला बहुमोल वेळ खर्च करून आलेले अर्जुनराव यांनी आपल्या ओघवत्या वाणीनं आपल्याला जे मार्गदर्शन केलं, त्याबद्दल मी त्यांचे आभार मानतो."

अर्जुनरावांनी अजून तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी शेजाऱ्याकडे पाहिलं.

"अध्यक्षस्थानावरून हिंमतराव यांनी जे परखड विचार मांडले, त्याबद्दल त्यांचेही आभार."

हिंमतरावांचे परखड विचार त्यांच्या कोटाच्या खिशात होते. ते खुर्चीतून अर्धे उठले. पण गुरुजी आता घाटाखाली सुटलेल्या एसटीसारखे चालले होते. त्यांनी कचरू पाटलाचे सतरंजीबद्दल आभार मानले, स्वागतगीताच्या पोरींचे मानले, लाऊडस्पीकरवाल्याचे मानले. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं स्वतःचे आभार स्वतःच्या भोंग्यातून ऐकले.

"ज्यांची नावं अनवधानानं राहिली असतील त्यांचेही आभार मानून, अध्यक्षांच्या परवानगीनं कार्यक्रम संपल्याचं जाहीर करतो. राष्ट्रगीत होईल."

पोरींना ही खूण पाठ होती. त्यांनी लगेच सुरू केलं. सगळा मांडव उभा राहिला. हिंमतराव "अरे, अरे" म्हणत हात वर करणार होते, पण राष्ट्रगीतात हात वर करता येत नाही. ते ताठ उभे राहिले आणि फक्त डोळे वटारत राहिले. मग जयजयकार झाला आणि लोक घरी निघाले. राष्ट्रगीत झाल्यावर कोणी परत खाली बसतो का? रंगराव आभार मानायला मंचाच्या कडेला उभा होता, पण आभार मानण्याजोगं तिथं काही शिल्लक नव्हतं.

गुरुजींना आता कळलं होतं. विस्तार अधिकारी राहू द्या, चौथीतूनही आपली उचलबांगडी होणार हे त्यांना लख्ख दिसलं.

तेवढ्यात अर्जुनरावांनी हिंमतरावांच्या पाठीवर थाप मारली.

"हिंमतराव, सकाळपासून फितीच कापून राह्यलो. जिथं जा तिथं दोन-दोन घंटे भाषणं. अमडापूरले लग्न आहे, नवरदेव घोड्यावर बसून राह्यला असन. असा कार्यक्रम मी अख्ख्या जिल्ह्यात पाह्यला नाही! कोन हाय हा मानूस?"

हिंमतरावांचा राग चेहऱ्यावरून उतरायला पापणी लवण्याइतकाही वेळ लागला नाही. "आपलाच हाय भाऊ, चौथीचा मास्तर. मीच सांगून ठेवलं होतं त्याले, भाऊले घाई हाय, आवरतं घे म्हून."

"असा मानूस चौथीत काऊन कोंडून ठेवला? तालुक्यात फिरवा ना त्याले."

बोट दाखवलं गेलं आणि जीप सुटली.

धूळ खाली बसल्यावर गुरुजी हात जोडून पुढं आले. "भाऊ, माह्याकडून चूक झाली. मी घाबरलो होतो. प्रास्ताविक करायचं तं..."

"चूप बसा मास्तर," हिंमतराव दबक्या आवाजात म्हणाले. "साहेबाले आवडलेल्या गोष्टीले चूक म्हनता? बढती पाहिजे का नाही?"

गुरुजींनी घरी येऊन चूक झाल्याचं विमलबाईला सांगितलं. ती बायांच्या बाजूला बसून सगळं पाहून आली होती.

"मले मांडवातच समजलं," ती म्हणाली. "तुमचे कान लाल झालते."

"मंग मी लिहून कळवतो साहेबाले, की हे असं असं झालं."

"हाव, कळवा! साहेब खूश, सभापती खूश, गाव जेवाच्या टायमाले घरी. एकटे तुमीच नाखूश. याच्यासाठी बुलडाण्याले कागद धाडता का? हात धुवा, जेवाले बसा."

महिनाभरानं हुकूम आला. सहदेव गुरुजी विस्तार अधिकारी झाले. गावानं त्यांचा सत्कार ठरवला. आभार कोण मानणार यावर बरीच ओढाताण झाली, कारण एव्हाना अर्ध्या तालुक्याला आभार मानायचे होते.

सत्काराच्या आदल्या दिवशी रंगराव पेढे घेऊन घरी आला. चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, खाली वाकला, आणि सतरंजीच्या कडेला बसला.

"साहेब, एक इचारू का? त्या दिवशीचं ते कसं सुचलं तुमाले?"

"सुचलं नाही रंगराव. मी घाबरलो होतो. सगळं विसरलो, म्हणून आभारच तोंडातून निघाले."

रंगराव मोठ्यानं हसला. "राहू द्या साहेब. नसन सांगाचं तं नका सांगू. पण घाबरलो म्हन्ता? मी काय दुसरीतला पोरगा हाव?"

गुरुजींनी दाराकडे पाहिलं. विमलबाई चहा घेऊन उभी होती. तिनं मान हलवली नाही, डोळ्यांनी काही सुचवलं नाही. नुसती पाहत राहिली, हा माणूस आता काय बोलतो ते. उंबऱ्याबाहेर रंगरावाच्या चपला दिसत होत्या.

गुरुजींनी घसा साफ केला. तो साफ करण्याचा आवाज त्यांना स्वतःलाच नवा वाटला.

"हे पहा रंगराव. पाहुणा जोडे कसे काढतो ते आधी पाहावं. तोंडं आत करून काढले तर माणूस निवांत आहे. तोंडं बाहेर करून काढले तर समजावं, याला जायची घाई आहे. मग प्रास्ताविकाच्या भानगडीत पडू नये. सरळ आभार मानावे."

"वा!" रंगराव म्हणाला. "म्हंजे अर्जुनरावनं त्या दिवशी..."

"तोंडं बाहेर करून."

अर्जुनराव त्या दिवशी पायात बूट घालूनच मंचावर बसले होते. गुरुजींनी ते पाहिलं होतं आणि रंगरावानंही, कारण हार घालायला तोच वाकला होता.

रंगरावानं गंभीरपणे मान डोलावली.

"बराबर आहे साहेब," तो म्हणाला. "बाहेर तोंड करूनच होते."