पाहुणीचं यजमानपण

स्यूलान मलेशियातल्या पेनांगहून चीनमधल्या च्वानचौला आजोळी यायची आणि दर खेपेला हरून परत जायची. हार पैशांची नव्हे, पैसे देण्याची! मामेबहीण मेइचन तिला पाकीट उघडूच देत नसे. हात धुवायच्या निमित्ताने उठायची, गल्ल्यावर पैसे चुकते करून यायची आणि वर साळसूदपणे म्हणायची, "अगं, बस की! घाई काय आहे?" गेल्या खेपेला स्यूलानने खाणावळवालीपुढे नोटा धरल्या, तर तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले. "तुमच्याकडून घेतले तर मेइचनताई माझी पायरी चढायची नाही."

आज मेइचनला सत्तर वर्षं पुरी होत होती. दुपारी बाराला जेवण, आणि उद्या पहाटे स्यूलानचं विमान. एकदा, फक्त एकदा, ताईला आपण जेवू घालायचं, एवढं एकच मागणं घेऊन ती सकाळी समुद्रमाय मात्सूच्या देवळात जाऊन आली होती. देऊळ झालं, आता फोनवरून पैसे भरायची सोय. गावात आता नोटांना कुणी विचारत नव्हतं. भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे भिंतीवरच्या क्यूआर कोडच्या चौकोनी ठिपक्यांकडे बोट दाखवायचे.

"मावशी, हे घरी करून यायचं असतं हो," ती उतरली होती त्या पाहुणघराची मालकीण याफेन म्हणाली. तिशीची चुणचुणीत बाई, एका हाताने तांदळाची पेज ढवळत होती. "परदेशात पाऊल टाकायच्या आधी!"

"मला काय ठाऊक? मी आपल्या कोऱ्या नोटा घेऊन आले. आता बोलणी देऊ नकोस, करून दे."

याफेनने ॲप उतरवलं. पासपोर्टचा फोटो घेतला. मग पडद्यावर गोल वर्तुळ आलं आणि आज्ञा झाली, मान हलवा. स्यूलानने हात जोडून चांगली कमरेत वाकून मान लववली.

"मावशी! देव नाही तो, कॅमेरा आहे!"

दोघी हसता हसता लोळायच्या बेतात आल्या. तिसऱ्या खेपेला वर्तुळ हिरवं झालं. आता पेनांगच्या बँकेचं कार्ड. आकडे घातले, आणि पडद्यावर ओळ आली, बँकेने तुमच्या फोनवर सहा आकडे धाडले आहेत, ते इथे भरा.

एक मिनिट गेलं. दोन गेली. आकड्यांचा पत्ता नाही.

"कुठल्या नंबरवर धाडलेत?" याफेनने विचारलं.

"माझ्याच की, पेनांगच्या."

"आणि तो नंबर कुठाय?"

स्यूलानचा हात गळ्याकडे गेला. विमानतळावर इथलं नवं सिमकार्ड घालताना तिने जुनं काढून गळ्यातल्या मात्सूच्या प्रसादाच्या लाल पिशवीत ठेवलं होतं. हरवू नये म्हणून! पिशवी तोंडाशी शिवलेली.

"मात्सूआईच्या ओटीत ठेवलंत आणि वर टाके घातलेत?" याफेनने कपाळावर हात मारला आणि कात्री आणली.

"माये, क्षमा कर गं," असं पुटपुटत स्यूलानने टाके उसवले. आतून अंगाऱ्याची चिमूट आणि नखाएवढं सिमकार्ड निघालं. ते फोनमध्ये बसवलं, आकडे पुन्हा मागवले. टिंग! आले! याफेन मोठ्याने वाचू लागली, स्यूलान एका बोटाने टिपू लागली, आणि कार्ड जोडलं गेलं. स्यूलानने याफेनला अशी मिठी मारली की पेजेचा डाव खाली पडला. परीक्षा म्हणून कोपऱ्यावरच्या बाईकडून एक संत्रं घेतलं. दोन युआन गेले. संत्रं हातात धरून ती रस्त्यात नाचायचीच बाकी राहिली होती.

बाराच्या ठोक्याला दोघी बहिणी त्याच खाणावळीत टेबलाशी बसल्या. आल्यातलं बदक आलं, कालवांचं आम्लेट आलं, आणि दीर्घायुष्यासाठी न तोडता खायच्या बारीक शेवया आल्या. मेइचन शेवया ओढत असताना स्यूलानने टेबलावरची बिलाची चिठ्ठी हळूच बाहीत सरकवली.

"कुठे निघालीस?"

"हात धुवायला."

मेइचनने डोळे बारीक केले. हे निमित्त तिच्याच घरचं होतं! पण तोंडात शेवया, आणि आजच्या दिवशी त्या तोडायच्या कशा?

गल्ल्यावर मालकीण हुइलिंग बसली होती. स्यूलानला पाहताच तिने मान हलवली. "नाही हं पाहुणीबाई. ताईंनी सकाळीच बजावलंय, तुमचा एक पैसा घ्यायचा नाही."

"तू घेऊच नकोस, बाळा. तू आपली बसून राहा." आणि स्यूलानने तिच्या खांद्यावरून हात लांब करून भिंतीवरच्या ठिपक्यांसमोर फोन धरला.

हुइलिंग उठली. स्यूलानने चारशे अडुसष्ट लिहिलं. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "स्यूलान! खबरदार!" वाटीतल्या शेवया संपवून ताई निघाली होती. ॲपचा सहा आकड्यांचा परवलीचा क्रमांक. एक बोट चुकलं. पुसलं. पुन्हा. पडद्यावर चक्र फिरू लागलं, फिरतच राहिलं. मेइचनचा हात तिच्या मनगटावर पडला, आणि त्याच क्षणी गल्ल्यावरचा छोटा बोलका डबा खणखणीत आवाजात ओरडला, "चारशे अडुसष्ट युआन जमा झाले!"

सगळी खाणावळ वळून पाहू लागली. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या.

"परत कर तिला," मेइचन हुइलिंगवर गरजली.

"मी कुठे घेतले, ताई? भिंतीने घेतले!"

मेइचनने आधी भिंतीकडे पाहिलं, मग बहिणीकडे. पन्नास वर्षं दुसऱ्यांना वाढणाऱ्या त्या बाईला पाहुणी कसं व्हायचं हेच ठाऊक नव्हतं. स्यूलानने तिला हाताला धरून टेबलाशी नेलं, खुर्ची ओढून दिली, चहा ओतला आणि बदकाची उत्तम तंगडी तिच्या वाटीत ठेवली.

"जेव, ताई. आज माझ्याकडे आलीयस तू."

मेइचनने तंगडी उचलली. डोळे पाणावले होते, पण चावत मात्र ती चांगली होती. तोंडातला घास संपवून तिने ताठ बसून वाटी पुढे केली.

"पाहुणीचा मान ठेवायचा असेल, तर आम्लेट आणखी एक मागव. आणि कालवं भरपूर घालायला सांग."

स्यूलान फोन उंचावून गल्ल्याकडे धावत सुटली.