हळदव्वा

ऑगस्टातल्या एका सकाळी बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवरच्या एका सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आला. बागेत बसायला म्हणून ठेवलेल्या जुन्या ओंडक्यावर कुणीतरी अंड्याची भुर्जी सांडली होती. खाली सेक्रेटरी देवव्रतने लिहिलं होतं, ज्यांनी केलं त्यांनी बारा वाजेपर्यंत साफ करावं, नाहीतर सीसीटीव्ही बघावा लागेल. दहा मिनिटांत बत्तीस उत्तरं आली. कुणी म्हणालं, भुर्जी नव्हे, पिठलं आहे. पिठल्याचा संशय महाराष्ट्रातून आलेल्या तीन कुटुंबांवर आला आणि तिन्ही कुटुंबांनी आदल्या दिवशी घरी काय शिजलं होतं ते जाहीर केलं.

अहल्या हुक्केरी चौथ्या मजल्यावर राहायच्या. वय एकसष्ट, मूळच्या बेळगावच्या, रेल्वेच्या रिझर्वेशन खिडकीत तीस वर्षं बसून निवृत्त झालेल्या. विज्ञानाशी त्यांचा संबंध दहावीलाच संपला होता, तोही दोन्ही बाजूंच्या संमतीने. पण दोन वर्षांपूर्वी चामराजपेटेतल्या एका घड्याळजीकडून त्यांनी डोळ्याला लावायचं भिंग आणलं, सहज मिठाचे दोन कण त्याखाली धरले, आणि ते अगदी रेखून काढल्यासारखे चौकोनी निघाले. तेव्हापासून घरातलं काहीच भिंगातून सुटलं नव्हतं. मुंगीचे पाय, डाळिंबाची साल, झोपलेल्या नवऱ्याची मिशी.

फोटो बघून त्या चपला घालून खाली उतरल्या. ओंडक्याशी माळीकाम करणारी यल्लव्वा कमरेवर हात ठेवून उभी होती. ती अथणीकडची. कन्नड आणि मराठी दोन्ही एका वाक्यात बोलायची.

"अक्का, ह्ये कुणी टाकल्यालं न्हाई बघा," ती म्हणाली. "काल ह्ये त्या टोकाला होतं. मीच बघितलंय. आज हिकडं आलंय."

"आलंय म्हणजे?"

"म्हंजे आलंय. चालत."

अहल्याबाई गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. भुर्जी नव्हतीच ती. ओल्या लाकडावर हळदीच्या रंगाचा एक पंखा पसरला होता. त्याच्या कडेला चुणीदार झालर, आणि मागे शिरांची जाळी, झाडाच्या पानाला असते तशी. त्यातल्या एका जाड शिरेत काहीतरी वाहत होतं. बारीक कण पुढे पुढे चालले होते. मग ते मंदावले, थांबले, आणि उलटे वाहायला लागले. साधारण मिनिटभराने पुन्हा पुढे.

"यल्लव्वा, बघ गं. हे श्वास घेतल्यासारखं करतंय."

यल्लव्वाने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग भिंग परत देत म्हणाली, "हळदव्वा हाय ही," आणि नाव पडलं.

त्यांनी पंख्याच्या कडेला खराट्याची एक काडी रोवली. संध्याकाळी चारला दोघी पुन्हा गेल्या, तेव्हा हळदव्वा काडी ओलांडून चार बोटं पुढे गेली होती. अहल्याबाईंना इतकं हसू यायला लागलं की शेवटी त्या ओंडक्यावरच बसल्या. यल्लव्वाही हसत सुटली. का हसतोय ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

चहाच्या वेळी त्यांनी फोनवर वाचलेलं नवऱ्याला ऐकवलं. प्रतापराव सरकारी रडार कारखान्यात इंजिनिअर होते. कुठल्याही गोष्टीवर तिसऱ्या पुराव्याशिवाय विश्वास न ठेवण्याची त्यांना सवय.

"अहो, ही बुरशी नाही. झाड नाही, प्राणीही नाही. स्लाइम मोल्ड म्हणतात. आणि एवढी मोठी दिसते ना, ती सगळी मिळून एकच पेशी आहे. एक. मेंदू नाही, डोळे नाहीत, पण खाणं शोधत जाते आणि जवळची वाट धरते."

"मेंदूशिवाय वाट कशी धरेल?"

"तेच तर मी तुम्हाला विचारतेय."

दुसऱ्या दिवशी साडेदहाला देवव्रत औषध फवारणाऱ्या माणसाला घेऊन बागेत आला. पुण्याचा मुलगा, पस्तिशीचा, कानात सदैव मीटिंग चालू. अहल्याबाई आणि यल्लव्वा ओंडक्यापुढे उभ्या होत्या.

"काकू, प्लीज. ग्रुपवर चौदा कम्प्लेंट्स आहेत. लोक म्हणतायत इन्फेक्शन होईल."

"कुणाला काही होत नाही. मी वाचलंय."

"मला हे आज क्लोज करायचंय, काकू."

"सरी, ठीक आहे," अहल्याबाई म्हणाल्या. "पाच मिनिटं थांब." यल्लव्वाने खुरपं आणलं, हळदव्वा असलेला सालीचा तुकडा अलगद सोडवला, आणि अहल्याबाईंनी तो घरून आणलेल्या स्टीलच्या डब्यात ठेवला. उरलेल्या ओंडक्यावर फवारणी झाली. देवव्रतने ग्रुपवर 'इश्यू रिझॉल्व्ड' असं लिहिलं.

डबा स्वयंपाकघराच्या ओट्यावर आला. प्रतापरावांनी चष्मा वर करून विचारलं, "इथे? जेवणाशेजारी?"

"तिला काय खायला घालायचं माहितेय? ओट्स."

प्रतापराव हळूहळू खुर्चीवर बसले. डॉक्टरांनी हृदयासाठी सहा महिन्यांपूर्वी त्यांना रोज सकाळी ओट्स सांगितले होते, आणि ते रोज ती वाटी समोर घेऊन न्यायालयात उभ्या असलेल्या माणसासारखे बसत. "किती खाते?" त्यांनी विचारलं.

दहाबारा दाणेच खायची. पण खाताना बघण्यासारखी होती. दाण्यापासून लांब असली की बारीक बोटं सगळीकडे पाठवायची, एक बोट दाण्याला लागलं की बाकीची हळूहळू मागे घ्यायची आणि सगळी त्या बाजूला सरकायची. तिसऱ्या दिवशी प्रतापराव वही घेऊन डब्याशी बसले. चौथ्या दिवशी त्यांनी तिचे सुरीने दोन तुकडे केले, तेव्हा अहल्याबाई ओरडणारच होत्या. पण दोन्ही तुकडे आपापले चालू लागले, आणि शेजारी ठेवल्यावर काही तासांत पुन्हा एक झाले. शीर शिरेला जोडली गेली, प्रवाह सुरू. प्रतापरावांनी वहीत वेळ लिहिली आणि बराच वेळ पेन टोपणात घालायचं विसरले.

"अगं," ते म्हणाले, "आपण हिला बेंगळुरू देऊ या."

त्यांनी शहराचा नकाशा काढला. केक भाजायच्या काचेच्या पसरट भांड्याखाली तो लावला आणि भांड्यात अहल्याबाईंनी चायना ग्रास शिजवून पातळ थर ओतला, साखरेविना. थर गोठल्यावर खालचं शहर त्यातून स्वच्छ दिसत होतं. शहराच्या मधोमध, मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर हळदव्वाचा तुकडा ठेवला. मग ओट्सचे दाणे: एक चामराजपेटेत, एक कोरमंगलात, एक व्हाइटफील्डला, एक विमानतळावर, आणि सर्जापूर रोडवर दोन, कारण तिथे लोक फार झालेत असं प्रतापरावांचं म्हणणं. तिला उजेड आवडत नाही, म्हणून वर परात झाकली.

दीड दिवसाने, सकाळचं दूध तापायला ठेवून, दोघांनी मिळून परात उचलली.

आधी ती सगळीकडे पसरून गेली असणार. तिच्या मागे राहिलेले पुसट चिकट ठसे दिसत होते, तळ्यांवरून, छावणीवरून, कुठेकुठे. पण आता ते सगळं सोडून तिने फक्त मोजक्या पिवळ्या रेघा ठेवल्या होत्या. मॅजेस्टिकवरून चामराजपेट, तिथून कोरमंगला, व्हाइटफील्ड आणि विमानतळाकडे बारीक फाटे, आणि कोरमंगलाहून सर्जापूर रोडला सगळ्यात जाड, सरळ रेघ. गाड्या तासन्‌तास तुंबणारा सिल्क बोर्डाचा चौक तिने बाजूला ठेवला होता.

प्रतापराव बावीस वर्षं कारखान्याच्या बसमधून या शहरात फिरले होते. त्यांनी बोट हवेतच त्या रेघेवरून फिरवलं. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. अहल्याबाई घाबरल्या, पण ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. दूध उतू गेलं.

तेवढ्यात बेल वाजली. देवव्रत होता. कुणीतरी तक्रार केली होती की चारशे दोनमध्ये ती भुर्जी पाळली आहे.

"आत ये," अहल्याबाई म्हणाल्या. "आधी हे बघ."

त्याने बघितलं. कानातली मीटिंग चालूच होती. "हे कोरमंगला?" त्याने हळूच विचारलं. "माझं ऑफिस. आणि हे आपण?"

"हो."

"मला या अंतराला रोज दीड तास लागतो, काकू."

"हिला दीड दिवस लागला," प्रतापराव म्हणाले. "पण पायांशिवाय."

देवव्रतने कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. अहल्याबाईंनी त्याच्या हातात भिंग दिलं. शिरेतले कण पुढे गेले, थांबले, उलटे फिरले. "उलटं जातंय," तो म्हणाला. "काकू, सगळं उलटं जातंय." नंतर "आता परत पुढे." त्याने स्वतःहून खुर्ची ओढली आणि पाऊण तास बसला. जाताना ग्रुपवर काय लिहू, असं त्याने विचारलं. शेवटी त्याने नकाशाचा फोटोच टाकला. व्हाइटफील्डच्या रस्त्यावरून पुन्हा बत्तीस उत्तरं आली, पण साफसफाईचं कुणी काढलं नाही. संध्याकाळी सातजण चपला दाराशी काढून रांगेने भिंगातून बघून गेले, आणि त्यांना समजावून सांगायला यल्लव्वा साडीला हात पुसत उभी होती.

पुढच्या आठवड्यात अहल्याबाईंच्या भाचीचं लग्न होतं, बेळगावला. डबा देवव्रतकडे ठेवायचं ठरलं. त्याने सगळं लिहून घेतलं: पाणी स्वल्प, ओट्स रोज दोन, झाकण घट्ट नको.

गाडी तुमकूर सोडून पुढे गेली तेव्हा फोन वाजला. पहिल्या फोटोत डबा रिकामा होता. दुसऱ्यात देवव्रतच्या स्वयंपाकघराची पांढरी भिंत, आणि तिच्यावरून वर चढत गेलेला पिवळा पंखा. खाली लिहिलं होतं, "काकू, ती बाहेर पडलीय. मी ऑफिसला सुट्टी टाकलीय. आता काय करू?"

प्रतापरावांनी चष्मा लावून फोटो मोठा केला आणि भिंतीवरची तिची लांबी अंदाजाने मोजायला लागले. अहल्याबाईंनी फोन त्यांच्या हातून घेतला आणि उत्तर लिहिलं, "काही करू नकोस. खुर्ची घे."