भिंतीवरचं नाव

माझं डोकं लवकर तापतं, हे सगळ्या निमगाव केतकीला ठाऊक आहे. वृषाली, माझी बायको, म्हणते की तुमच्याशी बोलायचं म्हणजे आधी तुमचं तोंड बघून घ्यावं लागतं. आता ती खोड काही जायची नाही. पण त्या दिवशी बारामतीत ते तापलं नसतं, तर हे सगळं सांगायची पाळी माझ्यावर आली नसती.

डाळिंबवाल्यांचा मेळावा होता. हॉल गच्च भरलेला. मोबाईलवरून बाग कशी सांभाळायची, यावर मला बोलायचं होतं. आयोजकांना मी आधीच बजावलं होतं की मला ती तयार चित्रं नकोत. शेतकऱ्याला गोष्ट डोळ्यांसमोर चालू दिसली तरच तो मान हलवतो. तेव्हा माझा फोनच सरळ भिंतीवर दाखवा, मी इथं बोट लावलं की मागच्या रांगेलाही ते दिसलं पाहिजे.

ते जोडून द्यायचं काम राजनंदिनी नावाच्या एका मुलीकडं होतं. तिनं फोन जोडला आणि म्हणाली, सर, येणारे कॉल बंद करून ठेवा, सगळं भिंतीवर दिसतं. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी भडकलो. फोन मी रोज वापरतो बाई, मला शिकवू नका, असं तिला चारचौघांत बोललो. बिचारी बाजूला झाली. आणि मी मुद्दामच काही बंद केलं नाही. आडमुठेपणा, दुसरं काय!

आता तात्यांचं सांगतो. नरसिंहपूरचे मोहनराव तात्या. नात्यानं ते माझे कोणी नाहीत. बारा वर्षांपूर्वी माझी पहिली बाग तेल्या रोगानं काळी पडली, तेव्हा मी कुऱ्हाड घेऊन झाडं तोडायला निघालो होतो. तात्यांनी कुऱ्हाड काढून घेतली आणि हातात कात्री दिली. पुढं महिनाभर ते एसटीनं येत राहिले. कुठली फांदी ठेवायची, कुठली काढायची, हे माझा हात धरून दाखवलं. आज लोक मला सर म्हणतात, मेळाव्याला बोलावतात, ते सगळं त्या कात्रीपासून सुरू झालं.

पण तात्यांचे फोन! दिवसातनं आठ-दहा वेळा. वारा फिरलाय, आज फवारू नको. कळी गळती का? जेवलास का? आधी मी सगळे उचलायचो. मग सल्ला विचारणाऱ्यांचे फोन वाढले आणि मला तात्यांचा कंटाळा यायला लागला. खोटं कशाला बोलू, कंटाळाच. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी असाच वैतागलो आणि फोनमध्ये त्यांचं नाव बदलून टाकलं. ‘तात्या उचलू नको’. आमच्याकडं असली नावं सगळेच ठेवतात. कुणाचा ‘सोपान ट्रॅक्टर’ असतो, कुणाचा ‘विशाल डोकेदुखी’. माझा राग संध्याकाळपर्यंत उतरला, पण नाव तसंच राहिलं. आणि ते वाचून वाचून मी खरंच त्यांचा फोन उचलेनासा झालो, दिवसातनं एखादा उचलला तर उचलला.

तर हॉलमध्ये माझं बोलणं रंगात आलं होतं. निमगावातल्या माझ्या बागेतला पाण्याचा व्हॉल्व्ह मी भिंतीवर दाखवला, म्हटलं बघा हं, आणि बारामतीत उभं राहून तो उघडला. भिंतीवरचं लाल चिन्ह हिरवं झालं. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. पुढच्या रांगेतला एक म्हातारा तर उठून उभा राहिला. मी असा फुगलो होतो म्हणून सांगू!

तेवढ्यात फोन वाजला. व्हॉल्व्ह गेला, बाग गेली, आणि सगळ्या भिंतीवर हातभर अक्षरांत आलं, ‘तात्या उचलू नको’.

हॉल खदाखदा हसला. कुणी वाईट मनानं हसलं नाही. ज्याच्या त्याच्या फोनमध्ये असा एखादा होताच. मीही हसलो. हसत हसत दाराकडं बघितलं, तर दारात तात्या उभे. स्वच्छ धोतर, डोक्याला टोपी, आणि फोन कानाला लावलेला.

त्यांना चष्म्यातनं वाचायला वेळ लागतो. ते भिंतीकडं बघत होते आणि ओठ हलत होते. फोन वाजतच होता. कापावा तर तेही भिंतीवर दिसणार. उचलावा तर बोलू काय? माझा अंगठा जागच्या जागी राहिला. पाच-सहा वेळा तरी वाजला असेल. शेवटी तात्यांनीच फोन कानावरून खाली घेतला आणि तो बंद केला. भिंतीवर पुन्हा बाग आली, आणि वरच्या कोपऱ्यात, ‘तात्या उचलू नको, तीन मिस्ड कॉल’. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तात्या शेवटच्या रांगेत बसले. सगळं ऐकलं, टाळ्याही वाजवल्या. मी लोकांच्या गराड्यातनं सुटून बाहेर येईपर्यंत ते निघून गेले होते. फाटकावरच्या माणसानं तात्यांनी ठेवलेली एक पिशवी दिली. त्यांच्या बहराची पहिली डाळिंबं होती, एकेक कागदात गुंडाळलेलं. मेळाव्याचं त्यांना वृषालीकडनं कळलं होतं. पास नव्हता म्हणून फाटकावर अडवलं, तेव्हा त्यांनी मला दोनदा फोन लावला होता, आणि शेवटी आत सोडल्यावर, आलोय हे सांगायला दारातनं तिसरा. पहिले दोन राजनंदिनीनं फोन जोडायच्या आधीचे. नाव बघून मीच दोन्ही नुसते वाजू दिले होते.

त्या दिवसापासून तात्यांचे फोन येणं बंद झालं. पहिले दोन दिवस मला, देवाशपथ, बरंच वाटलं. मग एका सकाळी मी बागेला फवारा मारला, मोबाईल सांगत होता की आभाळ स्वच्छ राहील, आणि दुपारी अवकाळी आला नि सगळं धुऊन गेला. बांधावर भिजत उभा असताना लक्षात आलं की आज वारा फिरलाय हे मला कुणी सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी नरसिंहपूरला गेलो. वाटेत माफीची वाक्यं पाठ केली होती. तात्यांनी पाणी दिलं, आपल्या बायकोला, सारजाकाकूंना, चहा ठेवायला सांगितलं, बागेची चौकशी केली. राग असता तर बरं झालं असतं. शेवटी मीच म्हणालो, तात्या, माझं चुकलं.

ते म्हणाले, “न्हाय रं. मला वाटायचं तू वावरात असशील, हात मोकळं नसत्याल. दोन वर्सं मी सारजालाबी त्येच सांगत हुतो. तुला तरास हुतो हे मलाच कळाया पायजे हुतं.”

माझ्या डोळ्याला पाणी आलं. मी खिशातनं फोन काढला, त्यांच्यासमोर ते नाव पुसलं आणि नुसतं ‘तात्या’ लिहिलं. त्यांना दाखवलं. म्हटलं, आता लावून बघा, काय दिसतं ते.

तात्यांनी आपला फोन हातात घेतला. थोडा वेळ बघितलं त्याच्याकडं. मग पुन्हा बंडीच्या खिशात ठेवला.

“काम असलं की करंन की,” ते म्हणाले.

त्याला आता पाच महिने झाले. आठवड्यातनं एकदा मी फोन लावतो. पहिल्याच रिंगला उचलतात, नीट बोलतात आणि माझा वेळ जाऊ नये म्हणून लवकर ठेवतात. त्यांना स्वतःहून फोन करण्यासारखं काम मात्र अजून निघालेलं नाही.