बुंध्याशी ओतलेलं खत

खरबुजाच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झालेल्या पाहून ती चरफडली. हे होणार, हे तिने नवऱ्याला आधीच सांगितलं होतं.

विहिरीचं पाणी मचूळ. तिने स्वतः नमुना तपासून आणला होता. लाल पोटॅश खतातल्या क्लोराइडने खारेपणा आणखी वाढेल. आपल्याला सल्फेटवालं पांढरं पोटॅश हवं, तेही फळं धरल्यावर ठिबकमधून थोडं थोडं द्यायचं, हे ती प्रशिक्षणात शिकून आली होती. नवऱ्याने नुसतं हं हं केलं. मग दुकानदाराने गळ्यात मारलेलं लाल पोटॅश आणून अर्ध्या शेतात एकाच वेळी वेलांच्या बुंध्याशी ओतून मोकळा झाला.

आणि आता म्हणत होता, ऊन फार झालंय, खत कमी पडलंय. उरलेल्या शेतासाठी आणखी एक पोतं आणायला निघालाही होता. तिने पुन्हा सगळं सांगितलं. तो चपला शोधत राहिला. आपण भिंतीशी बोलतोय की काय, असं तिला वाटलं.

ओसरीवर शेंगा सोलत बसलेल्या सासूबाईंनी मुलाला हाक मारली.

"दुकानदार आपल्या शेतात कधी आलाय का रे?"

"तो कशाला येईल?"

"तरी त्याचं ऐकतोस. ही रोज त्या वेलांपाशी वाकते, पाणी तपासून आणते, तर हिचं का नाही ऐकत? तुझ्या वडिलांना सांगून सांगून मी थकले. हिने तरी का थकावं?"

त्याने चपला घातल्या आणि तो निघाला. पण संध्याकाळी परतला तो पांढरं पोटॅश घेऊन, आणि किती, कसं सोडायचं ते त्याने बायकोला विचारलं.

खत ओतलेल्या भागातले वेल सावरलेच नाहीत. तिथली फळं मुठीएवढीच राहिली. दुसऱ्या भागातलं खरबूज बाजारात व्यापाऱ्याने चाखलं आणि काय घातलंत म्हणून विचारलं. नवरा बाजूला सरकला.

"ते हिला विचारा," तो म्हणाला. "मी ऐकलं असतं, तर सगळंच शेत असं आलं असतं."

वाचकहो, खत निवडताना आधी आपली माती आणि पाणी तपासा. आणि घरात जिने ते तपासलं आहे, तिचं म्हणणं पीक करपण्याआधी ऐका.