दारामागचा खिळा

गंजातलं पाणी उकळायला लागलं तशी देवश्रीने मोबाइलवर पाच मिनिटं लावली आणि वर ताटली झाकली.

न्हाणीच्या दारामागे खिळा. खिळ्याला तीन काळ्या पिशव्या, एकीवर एक. तिन्हींच्या गाठी जशाच्या तशा.

भिंतीवरचं कॅलेंडर. सिलिंडर लावल्याची तारीख निळ्या शाईत. लाल शाईचे बारीक ठिपके, महिन्याला चार. एप्रिलनंतर लाल शाई नाही.

गोंदियाच्या फलाटावर एक म्हातारी बाई गाडीची वाट पाहते आहे. महिनाभर पुरतील इतके कपडे तिने घेतलेत. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

दवाखान्याची चिठ्ठी. नाव आहे, वय आहे. ‘तक्रार’ या शब्दापुढची जागा कोरी.

*

“काय करून राहिली?” बाबारावांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून विचारलं.

“पानी गरम कर रही हूँ, बाबा.”

ते ताटलीकडे पाहत राहिले. गंज त्यांच्या ओळखीचा होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी गोल बाजारातून घेतलेला, तळाशी यंत्राने टोचून लिहिलेलं ‘सौ. इंदू’. आत काहीतरी हलकं गंजाच्या कडेला लागून टकटक करत होतं. अंडं म्हणावं तर गुरुवार होता. बाबारावांनी ग्लासभर पाणी घेतलं आणि ते न पिताच बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.

घरात दोघंच. बाबाराव रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. इंदूला जाऊन बरीच वर्षं झाली होती. बाप वऱ्हाडीत बोले, या हिंदी शहरात वाढलेली मुलगी हिंदीत उत्तर देई, आणि दोघांचं त्यात भागे. एका गोष्टीला मात्र त्यांच्याकडे दोन्ही भाषांत शब्द नव्हता. तिच्यासाठी खिळा होता.

दर महिन्याला विसाव्या तारखेच्या आसपास बाबाराव पॅडचं पाकीट काळ्या पिशवीत घालून, गाठ मारून खिळ्याला अडकवत. गरज लागेल तेव्हा देवश्री गाठ सोडी. सुटलेली गाठ दिसली की दुसऱ्या दिवशी बाबाराव तिच्या आधी उठून गॅसपाशी उभे असत. चार दिवस स्वयंपाक त्यांचा. जाड भात, लसणाची फोडणी दिलेलं वरण, वांग्याची तिखटजाळ भाजी. तिचा डबाही तेच भरत आणि कॅलेंडरवर त्या तारखांना लाल ठिपके देत.

आई असतानाही असंच होतं. आई त्या दिवसांत मागच्या दाराशी चटई टाकून बसे आणि बाबा स्वयंपाक करत. देवश्रीने त्याचा एकच अर्थ लावला होता. विसाव्या वर्षी ती एकदा दुसऱ्या दिवशी मुद्दाम स्वयंपाकघरात शिरली, भांडायचं म्हणूनच. बाबारावांनी गॅस बंद केला, हात पुसले आणि ती बाहेर जाईपर्यंत भिंतीला लागून उभे राहिले. ती बाहेर आली. तेव्हापासून महिन्यातले चार दिवस ती स्वतःच्या घरात पाहुणी असायची.

*

त्या वर्षी मार्चमध्ये तिचं कार्यालय शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत हलवलं गेलं. सकाळी आठची बस, संध्याकाळी सातला परत. रुंद रस्ते, मग काहीच नाही, मग एकसारख्या इमारती. तिच्या मजल्यावरच्या बायकांच्या संडासात कचऱ्याचा डबा नव्हता. वापरलेलं पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून ती जेवणाच्या पिशवीतून घरी आणी, बाबांनी भरलेल्या आणि तिने रिकाम्या केलेल्या डब्याच्या शेजारी. शेजारच्या टेबलावरच्या मोनालीने ते एकदा पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलवर मेन्स्ट्रुअल कपचं चित्र दाखवलं.

“दस साल चलता है दीदी. पहले महीने गाली दोगी मुझको.”

दिल्याच. पहिल्या महिन्यात देवश्री बादलीवर एक पाय ठेवून अर्धा अर्धा तास न्हाणीत घामाघूम उभी होती. घडी घातलेला कप आत जाण्याआधीच बोटांतून उसळे. एकदा तो मोरीच्या जाळीपर्यंत घरंगळत गेला आणि ती खाली बसून रडली, नळ सोडून, आवाज जाऊ नये म्हणून. दुसऱ्या महिन्यात एका दुपारी बसमध्ये तिच्या ध्यानात आलं की सकाळपासून आपल्याला काही आठवलंच नाही. तिने खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर मैलभर काही नव्हतं. तिला ते आवडलं.

गाठ सोडायची गरज उरली नाही. गाठ सुटली नाही म्हणून बाबा गॅसपाशी आले नाहीत. पाळीच्या दुसऱ्या दिवशी तिने पोळ्या लाटल्या, आंघोळ करून देवापाशी दिवा लावला. बाबारावांनी त्या दिव्याला हात जोडले आणि तिच्या हातची पोळी खाल्ली. इतक्या वर्षांचा राग तिने त्या सकाळी काढला, कोणाला न कळता.

कपाबरोबर आलेल्या पत्रकात लिहिलं होतं: पाच मिनिटे उकळावा. सुगंधी साबण लावू नये. बारा तासांच्या आत रिकामा करावा. घरात कोणाला, कोणत्या शब्दांत सांगावं, हे त्यात नव्हतं.

पिशवी काढून ट्रंकेत लपवावी असं एकदा तिच्या मनात आलं. पण ते खोटं बोलल्यासारखं झालं असतं. म्हणून तिने काहीच केलं नाही. बाबाराव दुसरी पिशवी घेऊन आले, पहिलीवर अडकवली. मग तिसरी.

तिसऱ्या पिशवीनंतर ते जेवणातून अर्धवट उठू लागले. चक्कर-बिक्कर येते का, असं एकदा विचारलं. तिने नाही म्हटलं. एका संध्याकाळी बस चुकली म्हणून ऑफिसातल्या अनिमेषने तिला मोटारसायकलवर घरी सोडलं, तेव्हा ते फाटकात उभे होते. अनिमेषच्या नमस्काराकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. ते तिच्या तोंडाकडे पाहत होते, डोळ्यांच्या खाली, ओठांवर, काहीतरी शोधत असल्यासारखे.

ज्या गुरुवारी गंजात ते टकटक करत होतं, त्या दुपारी त्यांनी गोंदियाला बहिणीला फोन केला.

*

मंदाकिनीआत्या रविवारी आली. आल्या आल्या तिने भावाला भाजी आणायला पिटाळलं आणि देवश्रीला मागच्या दाराशी चटईवर बसवलं.

“किती झाले?”

“क्या?”

“माह्यासमोर हिंदी नको फाडू. किती महिने झाले?”

देवश्रीला कळायला वेळ लागला. आत्याने मान न्हाणीकडे वळवली.

“तीन पिशव्या तश्याच हायेत म्हने. एवढंच बोलला तुहा बाप, अन् फोनवर रडाले लागला. तुही माय मेली तवा बी मी त्याले रडताना नाही पाह्यलं, पोट्टे. फाटकात शेजारीन सांगत होती, त्या मोटरसायकलवाल्याचा हाये का? जातीबितीचं मंग पाहू. पहिले सांग.”

देवश्री हसली. हसता हसता तिने चटईची एक काडी ओढून काढली, मग दुसरी. आपल्या बापाने आपल्याबद्दल हे ठरवलं, आणि विचारायला गोंदियाहून माणूस बोलावलं. ती उठली, कपाटातली कापडी थैली घेऊन आली आणि कप आत्याच्या तळहातावर ठेवला. कशासाठी असतो ते सांगितलं.

आत्याने तो उजेडात धरला. दाबला, सोडला. तो पुन्हा होता तसा झाला.

“हे आत?”

“हो.”

“अन् निंगालं नाही तं?”

“निकलता है, आत्या.”

“आमच्या म्हाताऱ्यासारखं नको व्हाले. एकदा बसला तं उठता उठत नाही.” आत्या पदराने डोळे पुसत हसत होती. मग हसू थांबलं. “त्याले सांगत काहून नाही मंग?”

देवश्रीने सांगितलं, त्यांना काय सांगणार. चार दिवस गॅसला हात लावू देत नाहीत. आजच्या जमान्यात विटाळ पाळतात.

“विटाळ माह्या मायचा होता,” आत्या म्हणाली. “म्हातारी गेल्यावर इंदू त्या दिवसांत बी स्वयंपाक करे. मंग एक डाव भोवळ येऊन गॅसवर गेली. कोपरापर्यंत भाजली. तवापासून त्या चार दिवसांत बाबाराव तिले जवळ येऊ देत नव्हता. आता त्याले विटाळ म्हन का आराम म्हन. त्याले तरी कुठं माहीत.”

आईच्या मनगटापासून कोपरापर्यंत एक गुळगुळीत, गुलाबी डाग होता. लहानपणी देवश्रीने त्याच्या कडेने किती वेळा बोट फिरवलं होतं. तो कशाचा, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

फाटक वाजलं. आत्या उठून स्वयंपाकघरात गेली आणि उगाच भांडी घासायला लागली.

देवश्रीचा राग अजून गेला नव्हता. तिने न्हाणीतल्या तिन्ही पिशव्या काढल्या आणि बाहेरच्या खोलीत, बाबारावांच्या समोर पलंगावर ठेवल्या.

“बाबा, हे मले आता लागत नाही.”

हिंदीत नाही. बाबारावांनी भाजीची थैली हळूच खाली ठेवली. एक वांगं बाहेर घरंगळलं, ते त्यांनी उचललं नाही.

“थांबलंच ना?” ते म्हणाले.

त्यांनी खिशातून चार घड्या घातलेली चिठ्ठी काढली. लेडी डॉक्टरकडची, दुसऱ्या दिवशीच्या नंबराची. नाव देवश्री, वय सत्तावीस. खिडकीवरच्या माणसाने तक्रार काय म्हणून दोनदा विचारलं होतं आणि त्यांना सांगता आलं नव्हतं.

“तुह्या मायचं बी असंच थांबलं होतं. तीन महिने. आमी खुश झालो होतो. पेढे आनले होते मी.” ते पिशव्यांच्या गाठींकडे पाहत होते. “मंग आलं, तं थांबलंच नाही.”

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

देवश्री त्यांच्या शेजारी बसली. थांबलेलं नाही, दर महिन्याला नीट येतं, फक्त पाकीट लागत नाही. आता दुसरं एक निघालंय, रबरासारखं, धुऊन पुन्हा वापरतात, असं तिने जमिनीकडे पाहत सांगितलं. बाबाराव वॅगनच्या एखाद्या नव्या पुर्ज्याबद्दल ऐकावं तसं मान हलवत ऐकत राहिले. मध्येच त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला. चिठ्ठीच्या होत्या त्याच घड्या पुन्हा घातल्या. मग त्यांना काहीतरी आठवलं.

“मंग मले कसं समजनार?”

उत्तर सोपं होतं. मी सांगेन. दोन शब्द, आणि तिच्याकडे ते होते. पण या घरात ते कधी कोणी बोललेले नव्हते, आणि तिच्या तोंडून निघालं ते रोजचं, सवयीचं, हलकं:

“समझ के क्या करोगे, बाबा.”

तिला तसं म्हणायचं नव्हतं. बाबाराव क्षणभर थांबले, वाक्य पुढे आहे की काय ते पाहायला.

“हव,” ते म्हणाले. तिन्ही पिशव्या उचलल्या आणि आतल्या खोलीत घेऊन गेले.

*

आत्या चार दिवसांत परत गेली. घेऊन आलेले बरेचसे कपडे घडीसुद्धा न मोडता.

ऑगस्टच्या कॅलेंडरवर फक्त निळी शाई.

न्हाणीच्या दारामागे खिळा नाही. त्याच्या जागी रंगाऱ्याची लांबी भरून बुजवलेलं भोक. घासून सपाट केलेलं. बोट फिरवलं तरच कळेल असं.

देवश्री गॅसपाशी उभी होती. दुसरा दिवस. कंबरेतून कळ येत होती. तिने पोळपाट ओट्यावर जरा जोरात ठेवला. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्राचं पान उलटलं गेलं. तिने लाटणंही आपटलं. मग ती दाराशी आली.

“बाबा.”

“काय?” ते खुर्चीतून अर्धे उठले होते.

पिठाचा हात तिने दाराच्या चौकटीवर ठेवला होता. तो तिने काढून घेतला.

“कितनी रोटी?”

“दोन,” बाबाराव म्हणाले, आणि खाली बसले.

पहिली पिशवी त्या खिळ्याला लागली ती २००४ सालच्या डिसेंबरात, इंदूच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी. देवश्री तेव्हा बारा वर्षांची होती. तिची पाळी सुरू व्हायला अजून आठ महिने होते, आणि ती पिशवी आठ महिने तिथे तशीच होती, गाठीसकट.