कुंची घातलेला वरवंटा

टण्!

भर दुपारची वेळ. घरात कुणी बोलत नव्हतं. खरं तर त्या घरानं बोलणंच टाकलं होतं. अशा वेळी स्वयंपाकघराच्या फरशीवरून मी आपोआप घरंगळत गेलो आणि ज्वारीच्या पत्र्याच्या डब्यावर आदळलो. भाकरी थापणारे शिवांजलीचे हात परातीतच थांबले.

"मम्मी, बाळ रांगलं!" चार वर्षांची क्रांती टाळ्या पिटत ओरडली.

शिवांजलीनं माझ्याकडं पाहिलं आणि पिठाच्या हातानंच तोंड दाबून धरलं.

मित्रांनो, घाबरू नका. मी बाळ नाही. मी एक जुना वरवंटा आहे. काळ्या दगडाचा, टोकांना निमुळता, मधे जरा फुगीर. माझ्या डोक्यावर लाल काठाची कुंची आहे, हनुवटीच्या जागी तिचे बंद बांधलेले आहेत. ती माझ्या डोक्यावर का, ते सांगतोच. घरंगळण्याचं कारण मात्र तुम्ही इकडचे असाल तर ओळखलंच असेल. कोयनेच्या खोऱ्यात जमीन अधूनमधून हलते. तिचा हलका हिसका आमच्या कराडच्या बाजूलाही येतो. मांडणीवरची भांडी किणकिणतात, माणसं क्षणभर दारात येतात आणि परत कामाला लागतात. भांडी जागच्या जागी वाजतात. मी मात्र चालू लागतो, आणि दर वेळी मावळतीकडंच. फरशीचा उतार उगवतीकडं असला तरीही. मावळतीला, डोंगरांच्या पलीकडं एक फार मोठं पाणी आहे. त्या पाण्याखाली माझी आई आहे.

माझा जन्म आगीतला. हा सगळा सह्याद्री एके काळी धगधगत्या रसाचा होता. जमिनीच्या भेगांतून तो रस वर यायचा, पसरायचा, थिजायचा. पुन्हा त्यावर नवा थर. तेव्हा ना झाड होतं, ना पाखरू. ती धग निवायला किती काळ गेला, ते दगडालाही ठाऊक नाही. पुढं कधीतरी त्याच डोंगराच्या कुशीत एक वाडी वसली. तिला सगळे खालची वाडी म्हणायचे. तिथं आलेल्या एका पाथरवटानं ओढ्याकाठचा एक धोंडा निवडला, त्याचे दोन भाग केले. मोठ्या भागाचा पाटा झाला, लहान भागाचा मी. म्हणून पाटा माझी आई. तिच्या पोटावर मी पुढं-मागं फिरायचो आणि खोबरं, लसूण, मिरची यांचा वास आमच्या दोघांच्या अंगात मुरायचा. "हिच्या घरच्या वाटणाला दगडाची चव हाय," असं बायका म्हणायच्या. ऐकून आम्ही फुगायचो.

आमच्या वाडीत बारशाची एक रीत होती. बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवायचं, बायकांनी त्याला पाळण्याखालून-वरून द्यायचं-घ्यायचं, आणि मग बाळाला ठेवायचं. काही वाईट यायचं असेल तर ते आधी दगडावर यावं, दगड ते सोसतो, असा समज. कुंची बांधायची घरातल्या थोरल्या बाईनं. पण सोडायची ती फक्त बाळाच्या आईनं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

कोयनेच्या धरणाचं पाणी वाडीकडं चढू लागलं, त्याच दिवसांत आमच्या घरी बारसं झालं. बैलगाड्या भरल्या जात होत्या. कुंचीतल्या वरवंट्याला मागं टाकणं म्हणजे अपशकुन, म्हणून घरातल्या परकर नेसलेल्या पोरीनं मला कडेवर घेतलं आणि ती गाडीत चढली. पाटा जड. "त्यो दुसऱ्या खेपंला नेऊ," तिची आई म्हणाली. दुसरी खेप झालीच नाही. रस्ता पाण्यात गेला होता.

ती पोर म्हणजे राहीबाई. लग्न होऊन ती कराडजवळच्या उसाच्या गावात आली, तेव्हा तिच्या आईनं मला बरोबर दिलं. इथं मला दुसरा पाटा मिळाला. तो वाईट नव्हता, पण त्याचा दगड वेगळा होता. आम्ही दोघं एकमेकांना कुरकुरत घासत राहिलो. मी खूप राबलो. सुगीची जेवणं, जत्रेचं मटण, गावातला जवान सुट्टीवर आला की होणारा ठेचा, सगळ्यात मी होतो. मग मिक्सर आला. नवा पाटा परसात कपडे धुवायला गेला आणि मी मागच्या दाराला अडसर झालो. वर्षानुवर्षं माझ्याकडं कुणी पाहिलं नाही. फक्त बारसं आलं की राहीबाई मला चिंचेनं घासायच्या आणि कुंची घालायच्या.

यंदाही घातली. राहीबाईंच्या सुनेला, शिवांजलीला, मुलगा झाला होता. फौजेतला जयराज, तिचा नवरा, रजा टाकून आला होता. बारशाच्या आदल्या दिवशीच राहीबाईंनी मला सजवून पाळण्यात निजवलं. त्याच रात्री बाळाला धाप लागली. दवाखान्यातून सगळे परत आले ते बाळाशिवाय.

मित्रांनो, मी सोसणारा दगड. पण त्या वेळी माझ्यावर काहीच आलं नाही. सगळं चुकवून ते पुढं गेलं.

जयराजची रजा संपली. पाळणा तसाच टांगलेला राहिला. क्रांतीला कुणी काही सांगितलं नाही. काय सांगणार? तिनं पाळण्यात डोकावून पाहिलं, कुंची दिसली, आणि तिनं मला उचलून छातीशी धरलं.

त्या दिवसापासून मी तिचा भाऊ झालो. ती मला अंघोळ घालायची, दूधभात भरवायची, कुशीत घेऊन झोपायची. माझा गारवा तिच्या छातीत उतरला. तिला खोकला झाला, ताप येऊ-जाऊ लागला. डॉक्टर म्हणाले, काही नाही, जेवण वाढवा. पण तिचं जेवण तर ती मला भरवत होती. हळूहळू ती माणसांशी बोलेनाशी झाली. बोलायची ते माझ्याशी, कानाशी लागून. माझ्यासमोर एक मूल सुकत चाललं होतं आणि मला तोंड नव्हतं.

मला काढून घ्यायला गेलं की ती किंचाळायची. कुंची सोडली असती तर तिला दगड दिसला असता. पण ती सोडायचा हक्क एकट्या शिवांजलीचा, आणि शिवांजलीचा हात बंदापर्यंत यायचा आणि मागं फिरायचा. एक बाळ तिनं मातीत पोचवलं होतं. दुसऱ्यांदा कसं पोचवणार?

त्या दुपारी मी डब्यावर आदळलो तेव्हा राहीबाई उंबऱ्यातून बघत होत्या.

"पुन्हा मावळतीलाच," त्या पुटपुटल्या. मग खाली बसून क्रांतीला म्हणाल्या, "व्हय गं, ह्यो कुठं निघालाय, ठावं हाय का तुला? आईकडं निघालाय."

"त्याची आई कुठाय?"

"पाण्यात. लांब."

क्रांतीनं बराच विचार केला. "मी त्याला कुणालाबी देणार न्हाई. पण त्याच्या आईला देईन."

शिवांजलीनं सासूकडं पाहिलं. "आत्या, खरंच जायचं?"

"औंदा पाणी लय खाली गेलंय. वाडी उघडी पडली आसंल. चल पोरी. एवढी एक पोर तरी राखू."

जीपनं आम्ही साताऱ्यावरून वर चढलो. क्रांतीच्या मांडीवर मी. कासच्या तळ्याशी जीप थांबली. क्रांतीनं मला पाण्याच्या काठाशी नेलं, माझ्या अंगाला कान लावला आणि मान हलवली. "हितं न्हाई."

पुढं सडा लागला. मैलोन् मैल उघडा काळा कातळ, फुलांचे दिवस नसल्यानं निर्मनुष्य. पायाखाली माझीच जात होती. तिथं वारा असतो, पण त्या दिवशी तोही नव्हता. कातळातल्या एका खोलगट जागी वळवाचं पाणी साचून राहिलं होतं, तेलासारखं काळं. क्रांती मला घेऊन त्यावर वाकली. मागून शिवांजली आली आणि तिनंही पाण्यात पाहिलं.

पाण्यात क्रांती दिसत होती. तिच्या हातात लाल काठाची कुंची दिसत होती. कुंचीत कुणीच नव्हतं.

काळ्या पाण्यात काळा दगड दिसत नाही, एवढंच ते. पण शिवांजलीनं मुलीला असं ओढून घेतलं की तिच्या बांगडीचा तुकडा उडाला. जीपमध्ये बसल्यावरही तिनं क्रांतीचा हात सोडला नाही.

बामणोलीला अर्जुना नावाच्या लाँचवाल्यानं आम्हाला घेतलं. त्यानं कुंचीकडं पाहिलं, मग आत पाहिलं.

"आवं आज्जी, धोंडा व्हय ह्यो! म्या म्हटलं, एवढं उन्हाचं तान्हं पोर कशाला आणलंय."

"गप ए. लाँच बघ तुझी. बुडवशील आमाला."

"बुडवायला पाणी तर ऱ्हाऊ द्या औंदा," अर्जुना हसला.

पाणी पसरत गेलं. दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर लाव्हाचे थर पायऱ्यांसारखे उघडे दिसत होते, आणि त्याखाली पाण्यानं सोडलेला लाल मातीचा पट्टा. एका वळणावर अर्जुनानं इंजिन बंद केलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"काय झालं?" शिवांजलीनं विचारलं.

"काय न्हाई वैनी. खाली गाव हाय. गावावरनं जाताना आमी आवाज करत न्हाई."

लाँच आपल्याच वेगानं सरकत राहिली. इतकी शांतता मी आगीच्या काळानंतर ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत, खालून, आवाज आला. घर्र... घर्र...

"कोण वाटण वाटतंय?" क्रांतीनं विचारलं.

"लाटा आपटत्यात कातळाला," अर्जुना म्हणाला. पण लाट एकही नव्हती, आणि तो स्वतःही पाण्याकडं बघत नव्हता.

खालची वाडी अर्धी वर आली होती. भेगाळलेला गाळ, घरांची जोती, झाडांचे पांढरे पडलेले खुंट. राहीबाई काठी टेकत चालल्या. इथं सोप्याचं जोतं, इथं गोठा, इथं चूल. मग त्या थांबल्या. गाळातून एक काळी पाठ वर आलेली होती. शिवांजलीनं हातांनी गाळ उकरला. ती पाठ नव्हती, पोट होतं. मधोमध खोलगट झालेलं. माझ्या अंगाच्या मापाचं.

"आली बघ त्याची आई," राहीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पदराच्या टोकानं पाट्यावरचा गाळ पुसला.

क्रांतीनं मला घट्ट धरलं. वचन दिलेलं आठवत होतं, पण हात सुटत नव्हते. ती पाट्याकडं बघायची, मग आईकडं. "कुंची काढ तू," शेवटी ती म्हणाली. "त्याच्या आईला तोंड दिसाय पायजे."

शिवांजली गुडघ्यांवर बसली. तिचे हात बंदापर्यंत आले, मागं गेले, परत आले. गाठ घट्ट बसली होती. तिनं ती दातांनी सैल केली. कुंची निघाली. ऊन थेट माझ्या कपाळावर पडलं.

क्रांतीनं पाहिलं. फार वेळ पाहिलं. "दगड हाय," ती हळूच म्हणाली.

"व्हय राणी. दगडच हाय."

"मग बाळ मेलं?"

घरात आजवर कुणी तो शब्द काढला नव्हता. शिवांजलीनं तिला छातीशी ओढून घेतलं. "व्हय गं. आपलं बाळ मेलं." आणि त्या मोकळ्या जोत्यावर मायलेकी इतक्या मोठ्यानं रडल्या की काठावरचे बगळे उठले. मग क्रांतीनं स्वतःच्या हातांनी मला आईच्या पोटावर ठेवलं. मी एकदा पुढं गेलो, एकदा मागं. घर्र.

मित्रांनो, पावसाळ्यात पाणी आमच्यावरून चढेल. आम्हाला त्याचं भय नाही, आम्ही त्याहून जुने आहोत. तुम्हाला एवढंच सांगणं आहे. घरातल्या जुन्या वस्तूंची जोडी फोडू नका. एक अडगळीत आणि एक दारात, असं करू नका. दगडाचंसुद्धा मन मागं राहतं. आणि तुमच्या घरात कुणी लहान मूल एखाद्या निर्जीव वस्तूला कवटाळून बसलं, तर ती वस्तू हिसकावण्याआधी त्याच्याजवळ खाली बसा.

संध्याकाळ व्हायच्या आत ते परत निघाले. गाव ओलांडेपर्यंत अर्जुनानं इंजिन लावलं नाही, तो वल्ह्यानंच लाँच ढकलत होता. पाण्यावरून आवाज फार लांबून ऐकू येतो. क्रांती म्हणाली, भूक लागलीय. शिवांजलीनं भाकरीचा तुकडा मोडून दिला, तिनं तो स्वतःच खाल्ला. राहीबाईंचं नाक ओढणं मला ऐकू आलं. वल्ह्याचा आवाज लांब लांब जात राहिला. आणि मग क्रांतीचा आवाज, झोपेला आलेला:

"मम्मी, दगडाची आई पाण्यात व्हती, ती घावली. पण आपल्या बाळाची आई तर हितं माझ्याजवळ हाय. मग तिकडं बाळाला कोण घेतंय?"