सनोबरचा कप, सारिकाचं झाकण

कॉलेजात काचेचं नवं कपाट आलं आणि भक्ती परबच्या मागे साडेसाती लागली.

भक्ती मालवणच्या त्या कॉलेजात खेळाची शिक्षिका होती. मूळची कुडाळची, स्वतः कबड्डी खेळलेली. पण नोकरी लागली आणि गळ्यात पडलं जिम्नॅस्टिक्स, कारण कॉलेजची कीर्तीच ती होती. मुंबईची मोठमोठी कॉलेजं जाड गाद्या आणि चकचकीत बार घेऊन सराव करायची, आणि इथल्या मुली तोंडवलीच्या वाळूत कोलांट्या मारून विद्यापीठाच्या स्पर्धेला जायच्या आणि अजिंक्यपद घेऊन परत यायच्या. हे गेली चाळीस वर्षं चाललं होतं. मधली काही वर्षं कोरडी गेली असतील, पण असं एकही दशक नव्हतं की ज्यात कॉलेजला मोठा मान मिळाला नाही.

आता कॉलेजचा दर्जा ठरवायला एक समिती येणार होती. प्राचार्य गुरुदास सामंत यांनी अहवालात या पराक्रमाबद्दल दोन पानं भरून लिहिलं होतं, आणि कपाट त्यासाठीच आणलं होतं. अडचण एवढीच की कपाटात ठेवायला कर्णधार अक्षयाच्या आताच्या संघाने आणलेल्या प्लास्टिकच्या ट्रॉफ्यांखेरीज काही नव्हतं. त्या इतक्या लहान होत्या की खालच्या फळीवर ठेवल्या तर कोणीतरी विसरून गेल्यासारख्या दिसायच्या.

जुने कप कॉलेजात नव्हतेच. संघ उभा करणाऱ्या केळुसकर सरांचं म्हणणं होतं की कप मुलगी जिंकते, कपाट नाही. खाऱ्या हवेत कॉलेजात तो काळा पडणार, त्यापेक्षा जिचा आहे तिच्या घरी राहिला तर कोणीतरी पुसेल तरी. सर वारले, पण कप मुलींच्या घरीच राहिले.

"मॅडम, सगळे नकोत," प्राचार्य भक्तीला म्हणाले. "मोठे दोन आणा. काशीबाईंचा आणि सनोबरचा. पुढच्या गुरुवारच्या आत."

काशीबाई म्हणजे कॉलेजची पहिली विजेती. आता साठी ओलांडलेली, तोंडवलीला माडाच्या बागेत राहणारी, अजून नऊवारी नेसणारी. भक्ती स्कूटरवरून तिच्याकडे गेली. काशीबाईने तिला आधी आंबोळी खायला घातली आणि मग मागच्या पडवीत नेलं. कप तिथे होता. घमेल्याएवढा रुंद, दोन्ही बाजूंना कान असलेला. त्यात भात्याण, म्हणजे भाताचा पेंढा, पसरलेलं होतं आणि त्यावर एक तांबडी कोंबडी डोळे मिटून बसली होती.

काशीबाईने समजावून सांगितलं की ही कोंबडी अंडी फार फोडते, पण या कपात बसली की शहाण्यासारखी वागते. पिल्लं शनिवारी बाहेर येतील, त्यानंतर कप न्यायला हरकत नाही. भक्तीने समितीबद्दल सांगितलं. समिती म्हणजे काय, ती दोन दिवस उशिरा का येऊ शकत नाही, हेही काशीबाईने विचारून घेतलं. शेवटी तिने तोडगा काढला.

"मी कोंबयेक घेवनच येतंय," ती म्हणाली. "तुमच्या त्या समितीक काय, कप बघूचो आसा मां? कोंबडी काय आड येवची नाय."

भक्तीला हे पुरतं पटलं नाही, पण आंबोळी खाल्लेली असल्यामुळे वाद घालवेना.

दुसऱ्या दिवशी ती देवबागला गेली. सनोबर आणि तिचा नवरा तय्यब यांचं तिथे खाडीला लागून पर्यटकांसाठी घर होतं. ती जेवणाचं बघायची, तो होडीतून लोकांना डॉल्फिन दाखवायला न्यायचा आणि डॉल्फिन दिसले नाहीत तर गप्पा मारायचा. सनोबरचा कप दर्शनी टेबलावर होता आणि लखलखत होता. विद्यापीठातली सर्वोत्कृष्ट जिम्नॅस्ट म्हणून तिला तो मिळाला होता. कॉलेजला त्याहून मोठा मान पुढे कधी मिळाला नाही. कॉलेजसाठी हवा म्हटल्यावर सनोबर लगेच तयार झाली. भक्तीने आनंदाने कप उचलला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की याला वर झाकण असणार.

"झाकण कुठंय?" तिने विचारलं.

तय्यब जागेवरून उठला आणि होडी बघून येतो म्हणून निघून गेला. होडीला काही झालेलं नव्हतं.

मग सनोबरने सगळं सांगितलं. त्या वर्षी जामसंड्याची सारिका आणि ती, दोघींना सारखेच गुण मिळाले होते. कप एकच होता. केळुसकर सरांनी परत येताना बसमध्येच न्याय केला. कप सनोबरला, झाकण सारिकाला, आणि वर्षभराने अदलाबदल. दोघी तेव्हा जिवाभावाच्या मैत्रिणी होत्या. एकीच्या डब्यातलं शिंपल्यांचं कालवण दुसरीने खायचं, एकीला ताप आला की दुसरीने सरावाला दांडी मारायची. वर्ष संपलं आणि सनोबर सारिकाची वाट बघत बसली. सारिका आली नाही. मग दुसरं वर्ष गेलं, लग्नं झाली, मुलं झाली. तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

भक्तीने विचारलं की सरांनी कोणी कोणाकडे जायचं सांगितलं होतं. सनोबर खाडीकडे बघत म्हणाली की ते सर बोलले नव्हते.

भक्ती तशीच जामसंड्याला गेली. सारिकाचं तिथे शिवणकामाचं दुकान होतं. झाकण घरात देवघराच्या वरच्या कोनाड्यात, मखमलीच्या तुकड्यावर ठेवलेलं होतं. सारिकाने भक्तीचं बोलणं ऐकून घेतलं, आणि पहिला प्रश्न केला तो असा की कपाला कुठे पोचा तर आलेला नाही ना. नाही म्हटल्यावर तिला बरं वाटलेलं दिसलं. पण झाकण मात्र ती देईना. सनोबरला हवं असेल तर तिने यावं आणि न्यावं, एवढंच तिचं म्हणणं. भक्तीने हा निरोप देवबागला पोचवला. तिकडून उलटा निरोप आला की झाकणवालीने कपाकडे यायचं असतं, कप झाकणाकडे जात नाही.

दोन दिवस भक्ती देवबाग आणि जामसंडे यांच्यामध्ये स्कूटर चालवत राहिली. कुडाळहून तिची आई फोनवर म्हणाली की एवढे निरोप तर लग्न जमवतानाही लागत नाहीत. मग भक्तीला राग आला आणि त्या रागातच अक्कल सुचली. तिने सारिकाला सांगितलं की सनोबर म्हणते, सारिका काय तोंड घेऊन कॉलेजात येणार. आणि सनोबरला सांगितलं की सारिका अगदी असंच म्हणाली.

गुरुवारी सकाळी दोघी साडेनवालाच हजर होत्या. सनोबर कप घेऊन सभागृहाच्या एका टोकाला बसली, सारिका झाकण मांडीवर घेऊन दुसऱ्या टोकाला. मध्ये काशीबाई होती. तिचा कप टोपलीखाली झाकलेला होता आणि टोपलीतून अधूनमधून नाराजीचा आवाज येत होता.

समितीच्या अध्यक्ष डॉ. विमला वानखेडे नागपूरहून आल्या होत्या. त्यांनी सकाळपासून प्रयोगशाळा पाहिली, ग्रंथालय पाहिलं आणि कुठेच हसल्या नाहीत. प्राचार्य त्यांना सभागृहातल्या काचेच्या कपाटासमोर घेऊन आले. कपाटात झाकण नसलेला एक कप, कप नसलेलं एक झाकण आणि कोंबडी असलेला एक कप अशा तीन वस्तू मांडलेल्या होत्या. विमलाबाईंनी चष्मा नीट केला. कोंबडीनेही त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"सर," त्या प्राचार्यांना म्हणाल्या, "ही पारितोषिकं तुमच्या कॉलेजनेच मिळवली आहेत ना? की आम्ही येणार म्हणून गावातून गोळा केलीत?"

यातला दुसरा भागही खरा असल्यामुळे प्राचार्य अडखळले. जुने फोटो आहेत का, असं विमलाबाईंनी विचारलं. फोटो वाळवीने खाल्ले होते. प्राचार्य पाणी मागायला लागले.

तेवढ्यात काशीबाई उठली. ती काय करणार हे भक्तीला कळेपर्यंत तिने काष्टा घट्ट केला, पदर कमरेला खोचला, भिंतीपासून हातभर अंतरावर दोन्ही तळवे टेकले आणि पाय वर फेकले. क्षणभराने ती हातांवर सरळ उभी होती. पायांतली जोडवी वर चमकत होती. भिंतीला तिने टाच लावलीसुद्धा नाही.

 अक्षया आणि तिचा संघ मागे उभा होता, त्यांनी टाळ्या सुरू केल्या. काशीबाई खाली आली आणि पदर सोडत विमलाबाईंना म्हणाली, "ह्यो पुरावो. आता त्या दोघींचो बघा."

सगळ्यांनी सनोबरकडे आणि सारिकाकडे पाहिलं. दोघी पन्नाशीच्या होत्या. सनोबरचे गुडघे जिना चढताना कुरकुरायचे आणि सारिकाने कित्येक वर्षांत शिवणयंत्राखेरीज कशालाही पाय लावला नव्हता. पण नाही कोण म्हणणार? नाही म्हटलं तर दुसरी जिंकली. सारिका चपला काढून मध्ये आली. सनोबरने ओढणी खोचली.

त्यांचा जुना तोल साधा होता. सारिकाने पाय फाकवून गुडघ्यांत वाकायचं, सनोबरने तिच्या मांड्यांवर चढायचं, दोघींनी एकमेकींची मनगटं धरून मागे झुकायचं आणि हात ताणून तसंच राहायचं. काही न बोलता सनोबर चढली. मनगटं धरली गेली, दोघी मागे झुकल्या आणि तोल साधला. टाळ्या वाजल्या. समितीतल्या एका सदस्याने फोटो काढला.

आणि मग असं झालं की दोघींना खाली येता येईना. पूर्वी सनोबर हलकेच उडी मारून उतरायची. आता उडी मारायचं धाडस नव्हतं, आणि एकीने हात सोडला तर दुसरी पाठीवर आपटणार होती.

"कितक्या जड झालंस गो," सारिका दातओठ खात म्हणाली. इतक्या वर्षांनंतरचे तिचे हे पहिले शब्द.

"तू नीट उभी रव. थरथरतंस कित्याक?"

"तुज्या वजनान थरथरतंय. सर म्हणालले, वर्सान बदला. तू इलंस नाय."

"तू तरी खंय इलंस?"

"मोठी वस्तू तुज्याकडे होती. तुया येवचा."

"झाकण हलक्या असता. ता घेवन तुया येवचा."

विमलाबाईंना मालवणी कळत नव्हती. त्यांनी प्राचार्यांना विचारलं की त्या काय बोलत आहेत. प्राचार्य म्हणाले की तांत्रिक चर्चा चालू आहे.

सारिकाचे गुडघे आता जोरात हलायला लागले होते. पण तिचा आवाज एकदम खाली आला. "माज्या लग्नाकपण इलंस नाय," ती म्हणाली.

"बोलवलंस खंय?"

"तुका बोलवूक लागता?"

 सनोबरच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि हात अडकलेले असल्यामुळे ते पुसता येईना. नाकही गळायला लागलं. ते बघून सारिकाला आधी हसू आलं आणि मग तीही रडायला लागली. त्या हसण्या-रडण्यात तोल डुगडुगला तशी काशीबाई पुढे झाली. तिने अक्षयाच्या मुलींना हाक मारली, चौघी मागून, दोघी पुढून उभ्या केल्या, आणि सनोबरला होडी किनाऱ्याला लावतात तसं हळूहळू जमिनीवर आणलं. दोघी तिथेच फरशीवर बसल्या. तय्यब दाराशी उभा होता, तो पुन्हा होडी बघायला जायच्या बेतात होता, पण होडी देवबागला होती, म्हणून त्याने दोघींना पाणी आणून दिलं.

नंतर दोन्ही वस्तू कपाटातून बाहेर काढल्या आणि सारिकाने झाकण कपावर ठेवलं. ते पहिल्या प्रयत्नात बसलं नाही, थोडं फिरवून दाबावं लागलं. प्राचार्यांनी घाईने कप कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

जेवणाच्या वेळी विमलाबाईंनी काशीबाईला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं की अठ्ठावन्नाव्या वर्षी असं हातांवर उभं राहायला शिकता येतं का. काशीबाई म्हणाली की येतं, पण सुरुवात भिंतीला टेकूनच करावी. समितीने जाताना माजी विद्यार्थिनींच्या सहभागाचं खास कौतुक केलं, आणि कॉलेजने मुलींसाठी चांगली गादी घ्यावी अशी सूचना केली.

समितीची गाडी फाटकातून बाहेर पडली आणि सारिका प्राचार्यांकडे चावी मागायला आली. सरांच्या न्यायाप्रमाणे कप आता तिच्याकडे जायला हवा होता. प्राचार्यांनी बरंच समजावलं. पण सनोबरही तिच्या बाजूने उभी राहिली, त्यामुळे त्यांचं काही चाललं नाही. कप जामसंड्याला गेला, झाकण देवबागला.

पावसाळ्यानंतर सनोबर आणि सारिका दर रविवारी कॉलेजात यायला लागल्या. भक्तीने त्यांना बोलावलं नव्हतं. सनोबर मुलींना उडी शिकवायची, सारिका ती चूक आहे असं सांगून दुसरी शिकवायची. अक्षया म्हणायची की दोघींचं ऐकलं तर हवेतच थांबावं लागेल. तरी त्या डिसेंबरात मुली मुंबईला गेल्या आणि विद्यापीठात दुसऱ्या आल्या. भक्तीला त्याचा आनंद झाला. परतीच्या बसमध्ये मागच्या बाकावर बसलेल्या त्या दोघींना मात्र तो नव्हता. कणकवली येईपर्यंत त्या एकमेकींना समजावत होत्या की पहिला नंबर कोणाच्या शिकवण्यामुळे गेला, आणि मधूनच एकीच्या डब्यातले बोंबलाचे तुकडे दुसरी उचलत होती.